निष्क्रिय खातं

कॉमर्सच्या पदवीधराने तत्त्वज्ञानाच्या भानगडीत पडू नये, असा एक संकेत आहे. आर्ट्सवाले आत्म्याविषयी बोलतात, सायन्सवाले अणूविषयी बोलतात आणि त्या दोघांच्या चहाचे पैसे कोणी द्यायचे याविषयी कॉमर्सवाले बोलतात. आमच्याकडून समाजाची एवढीच अपेक्षा असते. पण खरं सांगू? जगातला एक अत्यंत अवघड नैतिक प्रश्न बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाला, अकौंटन्सीच्या तासाला, मागच्या बाकावर डुलक्या घेणाऱ्या पोरांना शिकवला जातो. त्या धड्याचं नाव 'घसारा'.

घसारा म्हणजे काय, तर वस्तू घेतल्या दिवसापासून तिची किंमत वहीत दरसाल कमी करत जायची. खुर्ची असो, पंखा असो, नाहीतर तिजोरी. दहा-बारा वर्षांत तिची पार वाट लागते. मात्र शून्यावर आणायची नाही. शेवटी एक रुपया शिल्लक ठेवायचा. आमच्या शाखेत एक लोखंडी कपाट आहे. चार धट्टेकट्टे हमाल लावले तरी ते जागचं हलत नाही, पण वहीत त्याची किंमत एक रुपया! नवीन लागलेल्या एका पोराने मला विचारलं, ''साहेब, एक तरी कशाला ठेवायचा? शून्य करून मोकळे व्हा की!''

मी म्हटलं, ''बाबा रे, शून्य केलं की ते वहीतून गेलं. आणि वहीतून गेलेली वस्तू कोणीही उचलून नेऊ शकतो. हा रुपया म्हणजे त्या कपाटाची किंमत नव्हे. ती त्याची हजेरी आहे.''

मी हे बोलून गेलो आणि मलाच दचकायला झालं. बँकेत वीस वर्षं काढल्यावर माणसाच्या तोंडून व्याजदराशिवाय दुसरं काही निघेल, अशी कोणाची अपेक्षा नसते. पण तेव्हापासून तो प्रश्न माझ्या मानगुटीवर बसला आहे. वस्तूचा उपयोग संपला म्हणजे वस्तू संपली का? आणि संपली नसेल, तर उरलेल्या वस्तूशी आपण वागायचं कसं?

तुम्ही म्हणाल, याला नोकरीत काम कमी दिसतंय. तसं नाही. प्रश्न आला तो एका बोगद्यामुळे, आणि बोगदा आला तो आमच्या मेहुण्याच्या मुलामुळे. हा मुलगा इंग्लंडात असतो. तिकडे राहणाऱ्या नातेवाइकांचं एक बरं असतं. ते पैसे पाठवत नाहीत, पण फोनवर चित्रफिती मात्र नियमित पाठवतात. त्याने पाठवलेल्या चित्रफितीत बाथ नावाच्या गावाजवळचा एक रेल्वेचा बोगदा होता. कोम्ब डाउन त्याचं नाव. लांबी १६७२ मीटर, म्हणजे आमच्याकडच्या हिशेबाने मैलभराहून थोडी जास्तच. १८७४ साली त्यातून पहिल्यांदा गाडी गेली आणि १९६६ साली ती लाइनच बंद पडली. मग जवळजवळ अर्धं शतक बोगदा तसाच अंधारात पडून होता. २०१३ साली लोकांनी तो साफसूफ केला, दिवे लावले, खाली गुळगुळीत वाट केली, आणि आता त्यातून माणसं सायकली घेऊन, कुत्री घेऊन, बाबागाड्या घेऊन फिरतात. एवढंच नव्हे, तर मधल्या भागात आपण चालू लागलो की भिंतीतून संगीत ऐकू येतं.

''बोगद्यात संगीत?'' आमची ही म्हणाली. ''इथे स्वयंपाकघरातला ट्यूबलाइट बदलून मागतेय मी दिवाळीपासून.''

मी विषय बदलला. बोगद्याकडे वळलो. कारण त्या बोगद्याचा पूर्वेतिहास काही संगीतमय नाही. तो एकेरी रुळाचा, अरुंद, आणि वर धूर जायला मधे एकही झरोका नाही. १९२९ च्या नोव्हेंबरात एक मालगाडी त्यातून इतकी रखडत चालली की इंजिनावरची माणसं धुराने बेशुद्ध पडली. गाडी बोगद्याबाहेर आली, उताराला लागली आणि धावत जाऊन बाथच्या मालधक्क्यात आदळली. ड्रायव्हरसह तिघे गेले. जिथे एका माणसाला श्वास मिळाला नाही, तिथे आज लोक मोकळा श्वास घ्यायला जातात. याला न्याय म्हणावं की विसराळूपणा, हे मला ठरवता येईना.

एकदा खाज सुटली की कारकून माणूस फाइल पूर्ण केल्याशिवाय थांबत नाही. मी शोध घेतला. असले उद्योग जगात बरेच चालतात असं दिसलं. अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यात एलरॉय ते स्पार्टा अशी बत्तीस मैलांची रेल्वे होती. ती बंद पडल्यावर सरकारने जमीन विकत घेतली आणि १९६७ साली तिथे सायकलींची वाट केली. तिच्यावर तीन बोगदे आहेत. त्यातला सर्वांत मोठा पाऊण मैलाचा. आतून पाणी ठिबकतं, अंधार मिट्ट, म्हणून सायकलीवरून उतरून, हातात बत्ती घेऊन चालत जावं लागतं. या बोगद्यांना लाकडाची भलीमोठी दारं आहेत. हिवाळ्यात आतलं पाणी गोठून दगड फुटू नयेत, म्हणून रेल्वेच्या काळात तिथे एक राखणदार असायचा. गाडी आली की दार उघडायचं, गाडी गेली की लावायचं. थंडीत, बर्फात, रात्री-बेरात्री. एवढा मोठा दरवाजा आणि पलीकडे घर नाही की देऊळ नाही, नुसतं भोक! पण त्या भोकाची राखण करण्यात एका माणसाची नोकरी होती, चूल होती. मला त्या राखणदाराबद्दल एकदम आपुलकी वाटली. बँकेत आम्ही तरी दुसरं काय करतो? दार उघडायचं, दार लावायचं. आतला माल आपला नाही.

पण माझ्या फाइलमधला खरा दागिना पुढेच होता. अमेरिकेने १९८३ साली कायद्यात एक दुरुस्ती केली. बंद पडणारी रेल्वेलाइन मोडून टाकण्याऐवजी तिच्या जमिनीची अखंड पट्टी राखून ठेवायची, तूर्त तिच्यावर लोकांना चालू-फिरू द्यायचं, पण उद्या रेल्वेला गरज पडली तर ती पट्टी परत रुळासाठी घेता येईल, अशी ती तरतूद. आणि या व्यवस्थेला त्यांनी नाव दिलं आहे : रेलबँकिंग!

आता बँकेच्या कारकुनाला याहून मोठा साक्षात्कार कोणता व्हायचा? ती लाइन मेली नाही. तिचं खातं निष्क्रिय झालं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. (ज्यांना माहीत आहे त्यांनी आपापली पासबुकं काढून पाहावीत.) खात्यात दोन वर्षं खातेदाराने काहीही उलाढाल केली नाही की ते खातं निष्क्रिय ठरतं. दहा वर्षं कोणी फिरकलंच नाही, तर ती रक्कम रिझर्व्ह बँकेकडच्या एका फंडात जाते. २०१४ पासून ही व्यवस्था आहे. पण गंमत अशी, की तरीही खातेदाराचा हक्क जात नाही. पंधरा वर्षांनी, वीस वर्षांनी तो किंवा त्याचा वारस कागद घेऊन उभा राहिला, तर बँकेला पैसे द्यावेच लागतात. मधल्या काळात पैसा दुसऱ्याच्या कामी येतो, पण दुसऱ्याचा होत नाही. माझ्या मते माणसाने शोधलेल्या सुंदर कल्पनांपैकी ही एक आहे, आणि तिच्यावर आजवर कोणी कविता केलेली नाही.

अर्थात तिकडेही भांडणं झाली. रुळाशेजारचे जमीनमालक म्हणाले, आमच्या जमिनीतून तुम्ही फक्त रेल्वे न्यायची होती. रेल्वे गेली, जमीन परत द्या. प्रकरण अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टात गेलं. १९९० साली कोर्टाने सांगितलं, कायदा बरोबर आहे. मात्र तुमचं काही गेलं असं वाटत असेल तर भरपाई मागण्याची वाट मोकळी आहे. बांधावरून भांडणं फक्त आपल्याकडेच होतात असं मानणाऱ्यांना हे ऐकून बरं वाटेल.

आता घराकडे येऊ. आमचं रोहणा हे आर्वी तालुक्यातलं गाव. पुलगाव ते आर्वी ही पस्तीस किलोमीटरची छोटी रेल्वे या गावावरून जायची. दोन रुळांत अंतर अडीच फूट. आमच्याकडे लग्नात दोन व्याह्यांमध्ये याहून जास्त अंतर असतं. १९१७ साली ही लाइन सुरू झाली. किलिक निक्सन या कंपनीने काढलेल्या सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनीची ही मालमत्ता. यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूरची शकुंतला ही हिचीच थोरली बहीण. आमच्याकडचे लोक हिलाही लाडाने शकुंतलाच म्हणतात. देशातल्या रेल्वे सरकारजमा झाल्या तेव्हा या बहिणी कंपनीच्याच नावावर राहिल्या आणि गाड्या मात्र सरकारी रेल्वेने चालवल्या. म्हणजे सात-बारा एकाचा आणि वहिती दुसऱ्याची. आर्वीकडचा कापूस पुलगावला मोठ्या लाइनवर आणायचा, तिथून मुंबई, तिथून विलायत, असा या गाडीचा मूळ हेतू. माणसांना बसू दिलं, हा तिचा मोठेपणा.

आता ती गाडी धावत नाही. शकुंतलेचा दुष्यंत रेल्वे बोर्डात बसतो आणि त्याला अंगठी सापडलेली नाही. मार्ग रुंद करून गाडी पुन्हा सुरू करावी ही मागणी मात्र जुनी आणि जिवंत आहे.

तर मी ती चित्रफीत कौतुकाने बँकेसमोरच्या चहाच्या टपरीवर दाखवली. तिथे आमचं एक अनौपचारिक विद्यापीठ भरतं. एक हायस्कूलचे गुरुजी आहेत. ते रोज सकाळी फिरायला जातात आणि फिरून आल्याचं दिवसभर सांगतात. त्यांनी तत्काळ ठराव मांडला, ''आपल्या शकुंतलेच्या मार्गावर असाच फिरण्याचा रस्ता व्हायला पाहिजे! दोन्ही बाजूंना झाडं, बसायला बाकं, मधेमधे सुविचार!''

''बोगदा कुठून आणता?'' मी विचारलं. कारण आमची जमीन पाटावर लाटून ठेवल्यासारखी. या लाइनला बोगदा कशाचा? टेकाड आडवं यायलाही हिंमत लागते.

''बोगदा नसला तर नसू द्या. तत्त्व महत्त्वाचं.''

तेवढ्यात पलीकडे बाकावर चहा बशीत ओतून पीत बसलेला एक शेतकरी म्हणाला, ''काहून जी गुरुजी, चालाले वेगळा रस्ता लागते का? आमी तं दिवसभर वावरात चालतोच. आमाले चालनं कमी करासाठी गाडी पायजे होती!''

टपरीवर शांतता पसरली. मी चहाचा कप खाली ठेवला. कारण माझ्या सुंदर कल्पनेच्या बरोबर बुडाला या गृहस्थाने सुई टोचली होती. एकाची गरज बंद पडली आणि त्या जागेवर दुसऱ्याची हौस उभी राहिली, तर याला उपयोग म्हणायचं की अतिक्रमण? इंग्लंडातल्या माणसाला गाडीऐवजी मोटार मिळाली आणि मोटारीने वाढलेलं पोट कमी करायला बोगदा मिळाला. त्याचा हिशेब जुळला. इथे ज्याची गाडी गेली त्याला बदल्यात काय मिळालं? सुविचार!

घरी येऊन मी हा पेच हिच्यापुढे मांडला. ती गोधडीला टाके घालत होती. म्हणाली, ''त्यात काय एवढं? लुगडं जुनं झालं की त्याची गोधडी होते. गोधडी फाटली की पायपुसणं. आमच्या आईच्या घरात काहीही वाया जात नसे.''

मुद्दा बिनतोड होता. जुन्याचं नवं करणं ही काही विलायती कल्पना नाही. आपल्या आज्या-पणज्या हेच करत आल्या. पण कॉमर्सवाला व्हाउचर तपासल्याशिवाय पास करत नाही. मी विचार केला, गोधडीत आणि बोगद्यात फरक कुठे आहे? तर तो असा. गोधडी होते ती आजीच्या लुगड्याची, करते ती आजी, आणि पांघरतो तिचाच नातू. ज्याचं होतं त्यानेच दिलं आणि त्याच्याच माणसाला मिळालं. खात्यातून खात्यात रक्कम वळती झाली. बोगद्याचं तसं नसतं. बोगदा ज्यांनी खणला ते त्यातून क्वचितच प्रवास करतात.

आपलाच बोरघाट घ्या. १८६३ च्या एप्रिलात हा रेल्वेघाट खुला झाला. पंचवीस बोगदे, आणि खंडाळ्याखाली एक रिव्हर्सिंग स्टेशन, जिथे गाडी थांबून इंजिन दुसऱ्या टोकाला लावून उलटी चढायची. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ साली इथे आला आणि आल्याआल्या आजाराने गेला. मग त्याच्या बायकोने, अ‍ॅलिस ट्रेडवेलने, ते कंत्राट पुढे चालवलं. हिचं नाव निदान इतिहासात आहे. पण हातात सुरुंग घेऊन दोरीला लोंबकळलेले, पटकीने आणि तापाने गेलेले हजारो मजूर, त्यांची नावं कुठल्या वहीत आहेत? १९२९ साली नवा मार्ग निघाला आणि ते रिव्हर्सिंग स्टेशनही निवृत्त झालं. आज त्या बाजूला पावसाळ्यात सहलीला जाणारी मंडळी भजी खात फोटो काढतात. काढू देत. आनंद करणं हा गुन्हा नव्हे. पण ज्या वहीत मजुरांचा एक रुपयासुद्धा मांडलेला नाही, ती वही मला अपुरी वाटते.

आणि हे फक्त दगड-लोखंडाचं असतं तर मी गप्प बसलो असतो. माणसांचंही आपण हेच करतो. आमच्या ऑफिसात कोणी निवृत्त झाला की हार घालून, नारळ देऊन त्याला हमखास एक वाक्य सांगतात, ''आता रोज सकाळी फिरायला जात चला.'' चाळीस वर्षं ज्याच्या अंगावरून अवजड गाड्या गेल्या, त्याला आपण एका दिवसात सहलीची वाट करून टाकतो! मग नातवंडं त्याच्यावरून दुडूदुडू धावतात, सून त्याच्या कडेने भाजी आणायला पाठवते आणि शेजारी म्हणतात, ''काय मजेत आहात हो अण्णा!'' अण्णांना विचारलं का कोणी, की तुम्हांला काय व्हायचं होतं? कदाचित अण्णांना नुसतं अंधारात पडून राहायचं असेल. पाणी ठिबकत, वटवाघळं पाळत. तोही हक्क आहे की नाही माणसाला?

त्यातून दर नोव्हेंबरात तर या अण्णांना बँकेत यावं लागतं ते हयातीचा दाखला द्यायला. जिवंत आहोत असं सरकारला दरसाल सांगायचं. मागच्या नोव्हेंबरात आमच्या काउंटरसमोर एक म्हातारबा उभे राहिले. रेल्वेचे पेन्शनर. वय पंच्याहत्तरच्या पुढे, डोक्याला पांढरं दुपट्टं. आता दाखला यंत्रावर अंगठा ठेवून होतो. त्यांनी अंगठा ठेवला. यंत्र म्हणालं, ओळख पटत नाही. पुन्हा ठेवला. पुन्हा तेच. दहाही बोटं झाली. यंत्र काही केल्या मानेना. समोर माणूस उभा आहे, खोकतो आहे, घाम पुसतो आहे. पण यंत्राच्या मते तो नाही!

''बाबा, बोटांवरच्या रेघा गेल्यात तुमच्या,'' मी म्हटलं. ''काय काम करत होता?''

''कीमन होतो जी. आपल्या याच लाइनवर.''

कीमन म्हणजे रुळाच्या कडेने रोज चालत जाऊन, रूळ धरून ठेवणारी एकेक चावी हातोड्याने ठोकून घट्ट करणारा माणूस. ज्या बोटांनी हजारो चाव्या घट्ट केल्या त्यांच्याच रेघा ढिल्या झाल्या होत्या. मी यंत्र बाजूला सारलं, जुना कागदी फॉर्म काढला आणि तो भरताभरता न राहवून त्यांना विचारलं, ''बाबा, लोक म्हणतात, तुमच्या लाइनवर फिरण्याचा रस्ता करावा. तुम्हांला काय वाटतं? वाईट वाटेल?''

म्हातारबा हसले. तोंडात दोनच दात, पण हसू पूर्ण होतं. म्हणाले, ''वाईट काहून वाटन सायेब? म्या तं जलमभर तेच केलं. रोज पाच-पाच मैल चालत होतो त्याच लाइनवर. फरक इतलाच, का मले त्याचा पगार भेटे!''

मागच्या रांगेतली माणसंही हसली. मग म्हातारबा जरा थांबून म्हणाले, ''पन सायेब, आमी चालत होतो तं खाली पाहून चालत होतो. कुठं चावी निंगाली, कुठं माती खचली. नुस्तं चालनं नाय होय ते. तुमच्या लोकाइले म्हना, चाला, पन खाली पाहून चाला.''

मी सही घेतली, शिक्का मारला आणि म्हातारबा आणखी एक वर्ष जिवंत असल्याचं भारत सरकारला कळवून टाकलं. पण डोक्यात ते वाक्य राहिलं. इतके दिवस मी फिरणाऱ्यांना आणि गाडीवाल्यांना एकमेकांसमोर उभं करत होतो. या गृहस्थाने एका वाक्यात सांगितलं, की लाइनवरचा पहिला पादचारी तोच होता. गाडी पळत होती, कारण कोणीतरी रोज चालत होतं. म्हणजे भांडण चालण्याशी नाहीच. भांडण आहे न पाहता चालण्याशी.

तेव्हा आमच्या टपरी-विद्यापीठात मी माझा निकाल जाहीर केला. बँकेच्या भाषेतच केला, कारण दुसरी येत नाही. म्हटलं, गुरुजी, वाट करायला हरकत नाही, पण दोन अटींवर. पहिली अट, मूळ खातेदाराचा हक्क बुडता कामा नये. मार्गाची पट्टी सलग राहिली पाहिजे, स्टेशनांची नावं राहिली पाहिजेत, आणि उद्या गाडी येते म्हणाली तर तुमची बाकं आणि सुविचार तिने निमूटपणे उचलायला लावले पाहिजेत. गाडीची मागणी सोडायची नाही. वाट केली म्हणून गाडीचा अर्ज निकाली निघाला, असं कोणी लिहून घेत असेल तर ती वाटसुद्धा नको.

दुसरी अट, व्याज मुद्दलवाल्याच्या घरी गेलं पाहिजे. ज्यांची गाडी गेली त्यांच्या पायांखाली ती वाट आधी आली पाहिजे. तुमच्या-माझ्या पोटाचा घेर हा नंतरचा विषय. पहिला हक्क, मुख्य रस्त्यावरच्या ट्रकांना चुकवत सायकलीने शाळेत जाणाऱ्या पोरींचा. दुसरा, डोक्यावर चाऱ्याचा भारा घेऊन येणाऱ्या बाईचा. तिसरा, त्या भाऊंचा, ज्यांनी मला चहा पिताना सुई टोचली. एवढं करून जागा उरली, तर चौथे आपण.

''मग आपण चालायचं कधी?'' गुरुजींनी पडेल चेहऱ्याने विचारलं.

''पहाटे पाचला,'' मी म्हटलं. ''तेव्हा गर्दी नसते.''

तो शेतकरी बशीतला शेवटचा घोट घेऊन म्हणाला, ''पाचले आमच्या म्हशी जातेत जी तिकून.''

यावर पुष्कळ चर्चा झाली. म्हशी या मनोरंजनात मोडतात की गरजेत, यावर एकमत होईना. गुरुजींचं म्हणणं, म्हशींना वेळ ठरवून द्यावी. भाऊंचं म्हणणं, गुरुजींना द्यावी. माझं मत मी राखून ठेवलं आहे. पण एक गोष्ट मला पटली आहे. ज्या मार्गावरून अजून पोरं जातात, बाया जातात, म्हशी जातात, तो मार्ग कोणत्याही यंत्राने नाही म्हटलं तरी हयात आहे. मालकाने हजर व्हावं आणि सही करावी, एवढंच बाकी आहे. फॉर्म आम्ही तयार ठेवू.